पहिली घंटा, दुसरी घंटा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, ‘दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करावी’. बोलण्याचा क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली चिठ्ठी नववीतल्या एका मुलाची निघाली. केस चापूनचोपून बसवलेले, आवाज खणखणीत. माइकची उंची त्याने स्वतःच नीट करून घेतली, ‘सन्माननीय व्यासपीठा’पासून ‘माझ्या बालमित्रांनो’पर्यंत सगळ्यांना नमस्कार घातला आणि पहिलंच वाक्य टाकलं, ‘‘माझ्या आधी बोलून गेलेल्या प्रतिस्पर्धी मित्राला मी विचारू इच्छितो...’’

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग मागच्या रांगांत खसखस पिकली. त्याच्या आधी कुणी बोललंच नव्हतं. समोर दुसऱ्या रांगेत त्याच्या बाई बसल्या होत्या, त्याच्या भाषणाबरोबर त्यांचेही ओठ हलत होते, ते थांबले. मुलगा मात्र थांबला नाही. न आलेल्या मित्राला त्याने तीन प्रश्न विचारले, त्याची उत्तरं खोडून काढली आणि दुसऱ्या घंटेला बरोबर ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’वर येऊन थांबला.

दोष पोराचा नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच शालेय स्पर्धांची रचनाच अशी असते. एका शाळेचे दोन विद्यार्थी येतात, एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. दोघांची भाषणं बहुधा एकाच शिक्षकांनी लिहून दिलेली. शेवटी दोघांच्या गुणांची बेरीज होते आणि फिरता करंडक त्या शाळेच्या काचेच्या कपाटात जातो. म्हणजे तुमचा जोडीदारच तुमच्या विरोधात उभा, आणि त्याला तुम्ही नामोहरम केलंत तर तोटा तुमच्याच शाळेचा! यात वाद व्हायचा कसा? होतं ते वक्तृत्वच, फक्त दोन रंगांत रंगवलेलं.

वक्तृत्व वाईट असं मी म्हणत नाही. पण वादविवाद हा वेगळा खेळ आहे, त्याची मैदानं वेगळी, नियम वेगळे आणि अर्थातच शब्द वेगळे. हायस्कूलच्या मुलांची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा. ती १९८८ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सुरू झाली. २०१९ साली बँकॉकला ती भारताच्या मुलांनी जिंकली. तिथे प्रत्येक बाजूला तिघांचा संघ असतो. तिघेही एकाच बाजूचे. समोरच्या तिघांचं ऐकल्याशिवाय त्यांना पुढे सरकताच येत नाही. या प्रकरणात जे शब्द येतील ते बरेचसे त्या मैदानावरचे आहेत. काही मात्र आपल्या घरातलेच, माळ्यावर पडलेले.

ठराव

‘मोबाइल : शाप की वरदान’ हा निबंधाचा विषय झाला. त्यावर वाद घालता येत नाही, कारण ‘थोडा शाप, थोडं वरदान’ असं म्हणून कुणीही सुटू शकतो. वादाला लागतो तो ठराव, इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या तोंडी ‘मोशन’. ठरावाची सोपी ओळख म्हणजे त्यात क्रियापद असतं. कुणी तरी काही तरी करावं, किंवा एखादी गोष्ट अमुक एका प्रकारची आहे, असं तो ठामपणे म्हणतो. ‘दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करावी’ हा ठराव चांगला आहे. परीक्षा एक तर होईल, नाही तर होणार नाही.

ठराव मांडणारा तो प्रस्ताव पक्ष, त्याला नाकारणारा तो विरोधी पक्ष. इंग्रजीत हे ठराव ‘हे सभागृह असं मानतं की’ अशा थाटात सुरू होतात. ही ढब आली ब्रिटिश संसदेतून, आणि विद्यार्थ्यांत रुजली ती तिकडच्या विद्यापीठांतल्या वादसभांतून. केंब्रिज युनियन १८१५ सालची, ऑक्सफर्ड युनियन १८२३ सालची. ‘मी’ असं न म्हणता ‘हे सभागृह’ म्हणण्यात एक सोय आहे. बोलणाऱ्याचं खासगी मत काय, याच्याशी कुणाला देणंघेणं राहत नाही. बाजू बहुधा नाणं उडवून किंवा चिठ्ठी टाकून मिळते. घरी आईशी ज्या मुद्द्यावरून भांडलात, नेमकी आईची बाजू इथे तुमच्या वाट्याला येऊ शकते. (आणि मग आई काय म्हणत होती ते पहिल्यांदा नीट समजतं, असा माझा अनुभव आहे.)

हा संकेत बाहेरच्या लोकांना कळतोच असं नाही. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्ड युनियनमध्ये एक ठराव आला: हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देश यांच्यासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३ मतांनी तो मंजूर झाला. दहाच दिवसांपूर्वी जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झाला होता. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेचा निकाल, पण ब्रिटिश वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि चर्चिल यांनी जाहीरपणे त्या पोरांचे वाभाडे काढले. तिथे सभासद मतं देतात, त्यामुळे ते थोडंफार खरं मतही असेल. आजच्या स्पर्धांत मतदान नसतं. परीक्षक कोणाचं पटलं हे विचारत नाहीत, कोणी सिद्ध केलं हे पाहतात.

भार कोणाचा?

सिद्ध करायचा भार असतो तो बदल मागणाऱ्यावर. आज जे चाललं आहे त्याला सद्यःस्थिती म्हणतात. परीक्षा आज आहे; ती जायला हवी असं प्रस्ताव पक्षाला वाटतं; तर का जायला हवी हे त्यांनी सांगायचं. पहिल्या भाषणात त्यांना आणखी एक काम असतं, ते म्हणजे प्रारूप मांडणं. कोणत्या वर्षीपासून परीक्षा रद्द? अकरावीचे प्रवेश मग कशावर? खेड्यातल्या शाळेने दिलेले गुण आणि पुण्याच्या शाळेने दिलेले गुण यांचा मेळ कोण घालणार? प्रारूपाशिवाय ठराव म्हणजे नुसती इच्छा, आणि विरोधकांना यासारखी मेजवानी नाही.

प्रारूपाआधी येते व्याख्या. ठरावातले शब्द कोणत्या अर्थाने घेतले ते पहिला वक्ता सांगतो. लबाडी करायला ही जागा फार सोयीची आहे. समजा प्रस्ताव पक्ष म्हणाला, ‘रद्द करावी म्हणजे सध्याच्या नमुन्याची परीक्षा रद्द करून नव्या नमुन्याची घ्यावी.’ झालं! आता त्यांच्याशी कोण भांडणार? परीक्षा आहे तशीच राहिली, ठराव आपोआप जिंकला. इंग्रजी वादविवादात याला ‘स्क्विरल’ म्हणतात, खार. पकडायला जावं तर सुळकन दुसऱ्या फांदीवर. अशी व्याख्या विरोधी पक्षाच्या पहिल्या वक्त्याने तिथल्या तिथे नाकारायची असते. तिसऱ्या वक्त्याला जाग आली तर उपयोग नाही, तोवर ती सर्वांनी मान्य केली असं धरलं जातं.

या खारीला आपल्या परंपरेत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच पिंजऱ्यात घातलं आहे. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत ‘छल’ नावाचा वादातला दोष आहे. त्याचे तीन प्रकार, पैकी पहिला वाक्छल. शास्त्रातलं उदाहरण मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतं. कुणी तरी म्हणतं, ‘हा नवकंबल आहे.’ त्याला म्हणायचं असतं की याचं कांबळं नवं आहे. समोरचा उठतो आणि म्हणतो, ‘नऊ? कुठे आहेत नऊ कांबळी? मला तर एकच दिसतंय!’ नववर्षातला नव वेगळा आणि नवग्रहांतला वेगळा, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी भांडण होतं. गंमत म्हणून ठीक. स्पर्धेत गुण जातात.

मुद्द्याची हाडं

‘दहावीच्या परीक्षेमुळे मुलांवर प्रचंड ताण येतो.’ हे वाक्य मी त्या एका सकाळी बारा वेळा ऐकलं. बारापैकी एकानेही ताण का येतो हे सांगितलं नाही. हे वाक्य म्हणजे मुद्दा नव्हे, ते नुसतं विधान. न्यायशास्त्रात याला प्रतिज्ञा म्हणतात, आणि तिच्यापुढे आणखी चार पायऱ्या सांगितल्या आहेत: हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून आग आहे, हे निगमन. शाळेतल्या मुलांनी पाचही नावं पाठ करावीत असं नाही. पण आपल्या विधानामागे धूर कुठला आणि चूल कुठली, एवढं प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आता तेच विधान पुन्हा बांधू. ताण येतो, कारण अकरावीला कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळणार हे त्या एका गुणपत्रिकेवर ठरतं. वर्षभराचा अभ्यास मोजके दिवस आणि दिवसाला दोन-तीन तास एवढ्यात तोलला जातो. त्या दिवशी ताप आला तर तोही तोलला जातो. म्हणून नववीच्या सुट्टीपासून क्लास लागतात, गॅदरिंग आणि मैदान बंद होतं. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलांकडून आपण वर्षभराचं खेळणं-वाचणं काढून घेतो, आणि बदल्यात जे मोजतो ते त्यांची स्मरणशक्ती. इथे विधान आहे, कारण आहे, आणि शेवटी परिणाम आहे. परिणाम म्हणजे ‘बरं मग?’ या प्रश्नाचं उत्तर. कंटाळलेला परीक्षक मनातल्या मनात सारखा हाच प्रश्न विचारत असतो.

राहिला पुरावा. २०२१ साली करोनामुळे महाराष्ट्रात दहावीची परीक्षा खरोखरच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावला आणि तो लागला ९९.९५ टक्के. या एका आकड्यावर दोन्ही बाजू जगू शकतात. प्रस्ताव पक्ष म्हणेल, परीक्षा नव्हती तरी आभाळ कोसळलं नाही, तीच मुलं पुढे बारावी झाली. विरोधी पक्ष म्हणेल, जवळजवळ सगळेच पास झाले, मग हव्या त्या कॉलेजातल्या मोजक्या जागा वाटायच्या कशा? सरकारला अकरावीसाठी वेगळी सामाईक प्रवेश परीक्षा काढावी लागली, आणि तीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. दाराने घालवलेली परीक्षा खिडकीतून आत येऊ पाहत होती, ती अशी. पुरावा स्वतः कोणाच्याच बाजूचा नसतो, त्याला बाजू लावावी लागते. नुसता आकडा फेकून खाली बसणाऱ्या मुलाला हे कळलेलं नसतं.

खंडन

इथे खरा खेळ सुरू होतो. समोरच्याचा मुद्दा मोडणं म्हणजे खंडन, आपला मोडलेला मुद्दा पुन्हा उभा करणं म्हणजे मंडन. ‘खंडनमंडन’ हा जोडशब्द मराठीत जुना आहे. दुसरा अर्धा भाग मात्र आपण विसरलो. जिंकणारे संघ मंडनावर जिंकतात, असं माझं मत झालं आहे.

न्यायसूत्रांत वाद हरण्याच्या बावीस जागा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. पकडले जाण्याच्या जागा. त्यातल्या काही वाचून हसू येतं. ‘विक्षेप’ म्हणजे हरायची वेळ आली की ‘मला जरा काम आहे’ म्हणून उठून जाणं. ‘अप्रतिभा’ म्हणजे उत्तर न सुचणं. माझी आवडती जागा आहे ‘अननुभाषण’. प्रतिपक्षाने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, आणि तरीही तुम्हाला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर चुकलं म्हणून हार पुढे कधी तरी. ऐकलंच नाही म्हणून हार आधीच! त्या जुन्या सभेत आमचा नववीतला वक्ता पहिल्या वाक्याला बाद झाला असता. खरं सांगायचं तर त्या दिवशीचे बहुतेक सगळेच.

म्हणून खंडनाची पहिली पायरी म्हणजे समोरच्याचा मुद्दा त्याच्याइतकाच चांगला, जमल्यास त्याच्याहून चांगला, मांडून दाखवणं. आपल्याकडे होतं उलटं. तो म्हणतो, ‘परीक्षा रद्द करा.’ आपण म्हणतो, ‘माझ्या मित्राला मुलांनी अभ्यासच करू नये असं वाटतं.’ असं तो म्हणालाच नव्हता. शेतात बुजगावणं उभं करायचं, त्यालाच काठीने बडवायचं आणि गावभर सांगायचं की चोर मारला. याला इंग्रजीतही गवताचा माणूस म्हणतात. दोन्हीकडे शेती आहे आणि दोन्हीकडे असे वक्ते आहेत.

दुसरी सवय म्हणजे ‘तुमच्याकडे तरी कुठे वेगळं आहे?’ प्रस्ताव पक्ष म्हणतो, बोर्डाच्या परीक्षेत कॉप्या होतात. विरोधी पक्ष म्हणतो, शाळेच्या परीक्षेतही होतात. हे उत्तर वाटतं, पण यात तुम्ही कबूल करून बसता की बोर्डाच्या परीक्षेत कॉप्या होतात. बावीस जागांपैकी ही एक, नाव मतानुज्ञा. आरोप परतवायच्या नादात तो मान्य करणं.

मग नीट खंडन कसं दिसतं? ताणाचा जो मुद्दा आपण वर बांधला, तो घेऊ. विरोधी पक्षाची दुसरी वक्ती उभी राहते.

‘‘प्रस्ताव पक्षाचं म्हणणं असं की एका गुणपत्रिकेवर प्रवेश ठरतो म्हणून ताण येतो. ताण येतो हे आम्हालाही मान्य आहे. पण त्यांनी सांगितलेलं कारण बघा: ताण परीक्षेचा नाही, जागा कमी असण्याचा आहे. जागा तेवढ्याच राहणार असतील तर परीक्षा गेली तरी चढाओढ राहणार. फरक एवढाच, की आज पेपर कोण तपासतंय हे मुलाला माहीत नसतं. उद्या त्याचे गुण त्याच्याच वर्गशिक्षकांच्या हातात असतील. आणि समजा, ताण खरोखरच थोडा कमी झाला, तरी त्याची किंमत कोण मोजणार? जिथे शिक्षकांशी ओळख काढणारं कुणी नाही, अशा घरातलं मूल.’’

तिने काय केलं ते पाहा. मुद्दा परत म्हटला. कारण आणि निष्कर्ष यांतला सांधा सोडवला. शेवटी ‘समजा’ म्हणून समोरच्याचं अर्धं मान्य केलं आणि तरीही आपलं पारडं जड दाखवलं. या ‘समजा तुमचं खरं धरलं, तरी’ची ताकद मुलांना उशिरा कळते. भांडणात आपण सगळंच नाकारतो. वादात थोडं देऊन बरंच घेता येतं.

आता चेंडू प्रस्ताव पक्षाकडे. त्यांच्या तिसऱ्या वक्त्याला मंडन करायचं आहे: वर्गशिक्षकांच्या हातात गुण दिले तर पक्षपात होईल, याला आमच्या प्रारूपात काय उत्तर आहे? पहिल्या वक्त्याने प्रारूपात दुसऱ्या शाळेकडून फेरतपासणीची तरतूद सांगितली असेल तर संघ वाचला. सांगितली नसेल तर तिसऱ्याने ती आत्ता शोधून काढली तरी चालत नाही. त्यातही वाईट म्हणजे पहिला ‘शिक्षकच मूल्यमापन करतील’ म्हणाला आणि तिसरा ‘बाहेरची संस्था करील’ म्हणाला तर. स्वतःच्याच जोडीदाराच्या पाठीत सुरा! स्पर्धक मुलं याला ‘नाइफिंग’च म्हणतात, आणि परीक्षक याला क्षमा करत नाहीत.

मधेच उठून

जागतिक शालेय पद्धतीत मुख्य भाषण आठ मिनिटांचं. पहिलं मिनिट संपलं की एक घंटा, सातवं संपलं की दुसरी. या दोन घंटांमधल्या सहा मिनिटांत समोरच्या संघातलं कुणीही उभं राहून प्रश्न विचारायची परवानगी मागू शकतं. याचं नाव पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, बोलताना पीओआय. वक्त्याने हाताने बसा म्हटलं की निमूट बसायचं. हो म्हटलं की पंधरा सेकंदांत प्रश्न संपवायचा. पहिलं आणि शेवटचं मिनिट सुरक्षित, तेव्हा कुणी उठायचं नाही.

आपल्याकडे घंटा म्हणजे ‘आटपा’. तिकडे पहिली घंटा म्हणजे दार उघडलं, या आता. पाठांतर करून आलेल्या मुलाची इथे भंबेरी उडते, कारण प्रश्नाचं उत्तर त्याच्या कागदावर नसतं. एकही प्रश्न न घेणारा वक्ता घाबरट ठरतो आणि प्रत्येक प्रश्न घेणाऱ्याचं भाषण दुसरेच लोक करून जातात. साधारण दोन घ्यावेत, आणि घ्यायचे ते स्वतःचा एखादा मुद्दा पूर्ण झाल्यावर, वाक्य अर्धवट टाकून नव्हे.

हे सगळं डोक्यात ठेवणं अशक्य आहे म्हणून कागद लागतो. अमेरिकन हायस्कुलांत याला ‘फ्लो’ म्हणतात: कागदाचे उभे रकाने, प्रत्येक भाषणाला एक, आणि मुद्द्यासमोर त्याचं उत्तर, उत्तरासमोर प्रत्युत्तर. ज्या मुद्द्यापुढे रकाना रिकामा राहिला तो मुद्दा समोरच्याने सोडून दिला, म्हणजे मान्य केला. अमेरिकेतल्या ‘पॉलिसी’ प्रकारात याचा अतिरेक झाला. मुद्दा सुटू नये म्हणून मुलं मिनिटाला तीनशेहून अधिक शब्दांच्या वेगाने, श्वास ओढून ओढून, पुराव्यांची कात्रणं वाचत सुटतात. त्या कात्रणांना ‘कार्ड’ म्हणतात आणि त्या वेगाला ‘स्प्रेडिंग’. मला विचाराल तर ऐकवत नाही. पण रकान्यांचा कागद मात्र सोन्याचा आहे.

शेवटचं भाषण चार मिनिटांचं, प्रत्येक संघाचं एक, आणि ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं. त्यात नवा मुद्दा आणता येत नाही, कुणाला मधे उठता येत नाही. या भाषणात वाद कुठे अडला ते सांगायचं, आणि तोल करायचा. तोल म्हणजे काय? एका बाजूला लाखो मुलांचा ताण, दुसऱ्या बाजूला ओळखपाळख नसलेल्या थोड्या मुलांवरचा अन्याय. दोन्ही खरं धरलं तर जड कोणतं? संख्या मोठी म्हणून पहिलं, की नुकसान कायमचं म्हणून दुसरं? हे परीक्षकावर सोडलं की निकाल नशिबावर सोडला. गंमत म्हणजे आधी विरोधी पक्षाचं समारोपाचं भाषण होतं, मग प्रस्ताव पक्षाचं. ज्याने ठराव मांडला, शेवटचा शब्द त्याचा. १८५८ साली इलिनॉयमध्ये लिंकन आणि डग्लस यांचे सात जाहीर वाद झाले त्यांतही हेच होतं: पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, आणि मग पुन्हा पहिला अर्धा तास. तीन तास लोक उभ्याने ऐकत. लिंकन यांचं तेव्हाचं म्हणणं लोकांना आज माहीत आहे. ज्या सिनेटच्या जागेसाठी हे वाद झाले, ती मात्र डग्लस यांनाच मिळाली.

वितंडवाद

एक शब्द राहिला, तो आपण रोज वापरतो आणि बहुधा चुकीच्या जागी. शेजारी पार्किंगवरून भांडले की आपण म्हणतो, कशाला वितंडवाद घालता! न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने दोघांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली, जिथे छलासारखी हत्यारंही चालतात, ती जल्प. आणि ज्यात स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं मोडत राहायचं, ती वितंडा. या हिशेबाने पार्किंगचं भांडण जल्पात जातं. वितंडा तुम्हाला टीव्हीवर रात्री नऊ वाजता पाहायला मिळेल.

शालेय स्पर्धा या तिन्हींत कुठे बसते? करंडक ठेवला की जल्प आलाच, नाकारण्यात अर्थ नाही. विरोधी पक्षाला तर वितंडेचा मोह सतत होतो, कारण भार दुसऱ्याच्या डोक्यावर आहे. नुसतं मोडून कधी कधी सामना जिंकताही येतो. पण समोरचा संघ तोलामोलाचा असेल तर मोडतोडीवर भागत नाही. ‘मग तुमचं म्हणणं काय?’ असा पीओआय येतो आणि वक्ता पाण्याकडे हात नेतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी चर्चा कशी करावी हे एका अध्यायात सविस्तर सांगितलं आहे. त्यात चर्चेचे दोन प्रकार, स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि भांडून केलेली विगृह्य संभाषा. दुसऱ्या प्रकारात उतरण्याआधी समोरचा आपल्याहून वरचढ आहे की कमी हे पाहावं, आणि सभाही पाहावी: ती जाणत्यांची आहे की मूढांची, आपल्या बाजूची आहे, तटस्थ आहे की विरोधातली. इतका रोखठोक सल्ला आजच्या कुठल्याही मार्गदर्शन शिबिरात मी ऐकलेला नाही. आजच्या परीक्षकाने मात्र एकच सभा व्हायचं असतं: सुजाण, रोजचं वर्तमानपत्र वाचणारी, विषयातली तज्ज्ञ नसलेली आणि तटस्थ. तज्ज्ञ परीक्षकाला वक्त्याने न सांगितलेलंही ऐकू येतं, हा त्याचा दोष.

त्या तालुक्याच्या गावी आमच्या गुणपत्रिकेत पाच रकाने होते: उच्चार, आवाज, हावभाव, विषयज्ञान, वेळेचं भान. नववीतल्या त्या मुलाला पाचांतही चांगले गुण पडले आणि त्याचा दुसरा क्रमांक आला. खंडनाचा रकाना नव्हताच. निकालानंतर चहा पिताना मी संयोजकांना तसं म्हणालो, तर ते म्हणाले, ‘‘सर, पोरं भांडतील मग.’’

तुमच्या शाळेतही हीच स्पर्धा, हीच गुणपत्रिका असण्याची शक्यता आहे. तर पुढच्या वेळी भाषण पाठ करून जा, त्याला हरकत नाही; बक्षीस त्यावरच मिळेल. पण सोबत एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं न्या. तुमच्या आधी जो बोलेल त्याचा एक मुद्दा त्याच्या शब्दांत लिहून घ्या आणि भाषणाचं पहिलं मिनिट त्याला उत्तर द्या. तुमचा नंबर पहिला लागला, तर ‘माझ्या आधीच्या मित्राला’ हे वाक्य तेवढं गाळा.